अर्ध्या सेकंदाचा थांबा

गोळीबार चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर,
अकरा कॉम्प्युटर अन् एक कूलर.
हवा पहिल्या तीन खुर्च्यांनाच लागते,
म्हणून जिंकणारे तिथं बसतात,
की तिथं बसतात म्हणून जिंकतात,
गजूभाऊ हेडाऊंनाही सांगता येत नाही.

प्रज्योत दहाव्या खुर्चीवर. वय पंधरा.
घामानं माऊस ओला, बोट कळीवरून उठत नाही,
धावता धावता अख्खं मॅगझिन भिंतीत रिकामं करतो
अन् म्हणतो, दादा, बंदूकच खराब आहे.

बंदूक खराब नाही.
पडद्याच्या मधातल्या त्या चार रेघा बघ.
तू धावला की एकमेकींपासून लांब पळतात,
वाटण्या झालेल्या भावांसारख्या.
त्यांच्या मधात जी मोकळी जागा उरते ना,
गोळी तिच्यात कुठंही जाते.
कुठंही म्हणजे कुठंही.
उडी मारून झाडली तर विचारूच नको.

डावीकडे पळून राहिला असशील
तर डावी कळ नुसती सोडू नको,
सोडल्यावरही पाय घसरतात थोडे.
उजवी दाब. एकदाच. कॅरमच्या टिचकीएवढी.
जागच्या जागी गोठशील.
रेघा जवळ येतील.
तेवढ्यात मार.

"अन् तेवढ्यात त्यानं मला मारलं तर?"

गजूभाऊंनी रजिस्टरमधून मान वर केली.
कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता.

मी दिवसभर गाडीवर असतो.
मानेवाडा, जरीपटका, परत मानेवाडा,
कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर
माझा ठिपका सरकत असतो.
हलत्या माणसाला कोणी टिपू शकत नाही, हे मी शिकलो.
हप्तेवाल्याचा फोन: गाडीवर आहे.
आईचा प्रश्न: आलोच, गाडीवर आहे.
बी.कॉम.चा एक विषय राहिला तीन वर्षांपासून,
फॉर्म भरायची तारीख दरवेळी
मी कुठल्यातरी उड्डाणपुलावर असताना निघून जाते.
मला काही लागलं नाही आजवर.
माझंही काही लागलं नाही.

बाबांच्या मागावर धोटा धावायचा, बाबा नाही.
ताणा गच्च, उभा, न हलता,
म्हणून बाण्याला जायला वाट.
किनारीतला एक धागा चुकला तर
अंधारातही बोटांना कळायचा.
माग भंगारवाल्यानं वजनावर नेला.
आता ते मिहानकडल्या एका गेटवर खुर्चीत बसतात,
बारा तास, दगडासारखे स्थिर,
चारही रेघा एका ठिपक्यात आलेल्या,
अन् समोर नेम धरावा असं
काहीच नाही. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात.

म्हणजे नुसतं थांबूनही भागत नाही, प्रज्योत.
पण हे मी त्याला सांगितलं नाही.
पंधरा वर्षांच्या पोराला एका तासाच्या तीस रुपयांत
किती सांगायचं?

तो थांबला, मेला.
थांबला, मेला.
एकदा भलत्याच दाराकडे बघत थांबला.
एकदा थांबला अन् मारायचंच विसरला.
पहिल्या तीन खुर्च्या हसल्या.
मग केव्हातरी, मोजत नव्हतो मी,
उजव्या कळीवर टिचकी,
रेघा आल्या,
एकच गोळी.

ओरडला नाही तो.
हात टी-शर्टला पुसले
अन् पडद्याकडे बघतच म्हणाला,
"थांबल्यावर भीती वाटते ना, दादा."

वाटते.

खिशात फोन थरथरून राहिला होता,
नंदनवनचं पार्सल, दोन बिर्याणी, एक ताक.
गाडी खाली उन्हात, सीटवर हात ठेवता येत नाही अशी.
मी जिन्याकडे वळलो,
पहिल्या पायरीवर उभा राहिलो.
अर्धा सेकंद.
मग अजून अर्धा.